बोटीला भोकं कशाला

२ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी लिहायची. मन शांत राहावं म्हणून. मन शांतच आहे, पण ते तसं राहावंही.

घरातली बातमी अशी की धाकटीने ऑफिसची नोकरी सोडली. मामाच्या बोटीवर जाणार आहे. फिरायला नव्हे, कामाला. मासे पकडायला, जाळं ओढायला. ही बातमी तिने जेवताना दिली, जरा मीठ सरकवा म्हणावं तशी.

मी पुरोगामी बाप आहे. एक शब्द बोललो नाही. बोलायला तोंड उघडलं होतं, पण घास अडकला. बायकोने पाठीवर थापट्या मारल्या. मला श्वास येईपर्यंत त्यांचा विषय गमबुटांच्या साइजवर गेला होता.

घाबरलो वगैरे नाही. थोरली बँकेत बसते, तिची मी काळजी करतो का? नाही. मग हिचीच का करावी? बोट म्हणजे शेवटी ऑफिसच. फक्त खाली जमीन नसते.

हे वाक्य लिहिल्यावर पोटात गोळा आला. ॲसिडिटी असणार. रात्रीचं तिखट बंद करायचं.

३ सप्टेंबर, मंगळवार
संध्याकाळी मेहुणा आला. त्याची नवी बोट बांधून होत आली आहे. बाहेरचा सांगाडा तयार, आता डेकवर काय कुठे बसवायचं ते ठरायचंय. केबिन पुढे की मागे, जाळं ओढणारं विंच कुठे, मासे ठेवायच्या खणाचं तोंड कुठे. तो हे सांगत असताना बायको म्हणाली, यांना विचार की, वीस वर्षं लोकांची स्वयंपाकघरं मांडतायत. मेहुणा तिच्याकडे बघत राहिला. ती त्याच्याकडे बघत राहिली. बहीणभावाचं असं डोळ्यांनी बरंच बोलून झाल्यावर तो म्हणाला, बरोबर आहे दाजी, तुम्हीच करा.

योग्य काम योग्य माणसाकडे आलं. माझ्या दुकानावर पाटी आहे, 'मॉड्युलर किचन', आणि आजवर माझ्या एकाही ओट्यावरून कुणी पाण्यात पडलेलं नाही. गॅस, सिंक आणि फ्रिज यांचा त्रिकोण जमला की निम्मी पायपीट वाचते. इथे विंच, टेबल आणि खण. त्रिकोण तोच, फक्त हलणारा.

संकल्प: डेक असा मांडायचा की त्यावर अपघात होणं अशक्य. आराम असा की पोरीला घरची आठवणसुद्धा येऊ नये. (नको. आठवण यावी. आठवण येऊन तिने परत यावं.)

५ सप्टेंबर, गुरुवार
साइट व्हिजिट. मेहुण्याची जुनी बोट धक्क्याला लागली होती, तिचा अभ्यास केला. बोटीत उतरलो नाही. लांबून पाहिलं की एकंदर मांडणी नीट समजते. शिवाय धक्का आणि बोट यांच्यात एक फट होती. ती उघडायची आणि मिटायची, आणि आत काळं पाणी चुळबुळत होतं. मेहुणा ती फट न बघता ओलांडत होता. पाठोपाठ धाकटी, तीही न बघता. मी दोन्ही वेळा डोळे मिटले.

मेहुण्याच्या डाव्या हाताच्या एका बोटाचं पेर नाही. पंचवीस वर्षं त्याच्याबरोबर जेवतोय, कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं. म्हणाला, विंचमध्ये हातमोजा अडकला होता. एवढंच. मग चहा मागवू का म्हणाला. मी दोर बांधायच्या खुंटावर बसून घेतलं. पाय दुखत होते.

ठरलं. विंच बंद करायचं लाल बटण एक नाही, सात बसवायची.

८ सप्टेंबर, रविवार
पहिला लेआउट पूर्ण. अभिमान वाटावा असं काम झालंय. केबिन पुढे की मागे, हा वाद मी मुळातूनच मिटवला. केबिन पुढेही आणि मागेही. कडेचा कठडा गळ्याइतका उंच, आतून फोम लावलेला. खाली सामान आणि वर गादी असा सोफा-बॉक्स. जागोजागी हँडल, माझ्याकडच्या ड्रॉवरला लावतो तीच, स्टेनलेस. मधल्या मोकळ्या जागेत सात बटणं.

मेहुण्याने कागद सरळ धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. मग मासे कुठे ठेवायचे ते विचारलं. मी म्हटलं आधी माणसं, मग मासे. धाकटी म्हणाली, जाळं कठड्यावरूनच आत ओढतात, कठडा गळ्यापर्यंत आला तर ओढणार कसं. प्रश्न चांगला होता. मी तिथल्या तिथे उत्तर दिलं: कठड्याला सरकती खिडकी ठेवू, स्वयंपाकघरातून डायनिंगला ताटं द्यायला ठेवतो तशी.

बायको घाईने आत गेली. आतून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता. हवामान बदलतंय.

११ सप्टेंबर, बुधवार
आज मिस्त्रीच्या शेडमध्ये बोलावलं होतं. हा मिस्त्री बोटी बांधतो आणि कशालाही 'होईल की' म्हणतो. मी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला तो 'होईल की' म्हणाला, त्यामुळे मला तो समजूतदार वाटतो. अजून एकही गोष्ट झालेली नाही.

त्यांची एक पद्धत आहे. डेकवर एक खिळा मारायच्या आधी शेडच्या जमिनीवर खडूने सगळा डेक काढायचा, खऱ्या मापाचा. कठड्याची रेघ, केबिनचा चौकोन, विंचचा गोल. मग ज्यांनी बोटीवर काम करायचं त्यांनी त्या रेघांच्या आत रिकाम्या हाताने अख्ख्या दिवसाचं काम करून दाखवायचं. मेहुणा नसलेलं सुकाणू धरून उभा राहिला. धाकटी नसलेलं जाळं ओढत होती, नसलेले मासे निवडत होती. मोठी माणसं भातुकली खेळताहेत असं वाटलं. आधी हसू आलं.

लेआउट माझाच होता. विंचपासून खणाकडे जायच्या वाटेवर सोफा-बॉक्स येत होता. तिसऱ्या खेपेला मेहुणा ओरडला, लाट आली, सगळे डावीकडे. धाकटी सोफा-बॉक्सला वळसा घालायला गेली आणि तिची चप्पल खडूच्या रेघेबाहेर पडली. एकच पाऊल. मिस्त्री म्हणाला, गेली पाण्यात. सगळे हसले, तीही हसली.

मी शेडचा खांब धरला. जमीन सिमेंटची, समुद्र तिथून अर्धा किलोमीटर लांब, तरी डोकं गरगरत होतं. मेहुण्याने पाणी दिलं. मी म्हटलं, खडूची ॲलर्जी आहे.

घरी येऊन सोफा-बॉक्स खोडला. झोप येईना. बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. धाकटी पाणी प्यायला उठली तेव्हा विचारून गेली, अजून जागेच का. लेआउटचा विचार चाललाय, म्हटलं.

१४ सप्टेंबर, शनिवार
दुसरा लेआउट. यात मी कमाल केली. डेक चालायला पूर्ण मोकळा. मग सामान कुठे? केबिनच्या छतावर. पाण्याची टाकी, बर्फाची पेटी, जास्तीचे दोर, बसायचे बाक, सगळं वर. स्वयंपाकघरातसुद्धा जागा कमी पडली की मी वर लॉफ्ट काढतो.

कागद पाहून धाकटीने बादलीत पाणी घेतलं, त्यात रिकामा डबा तरंगत सोडला आणि डब्याच्या झाकणावर मिठाची बरणी ठेवली. डबा क्षणभर उभा राहिला आणि कलंडला. मग तीच बरणी तिने डब्याच्या आत, तळाशी ठेवली. डबा डुलला, पण उभा राहिला. म्हणाली, मामा म्हणतो जड ते खाली. मी म्हटलं, डबा निवडण्यात तुझी चूक झाली.

ती झोपायला गेल्यावर मी चार वेगवेगळे डबे घेऊन पाहिले. सगळे कलंडले. शेवटच्या डब्यात मी विनाकारण तिचा लहानपणीचा शाळेचा डबा घेतला होता. तो घ्यायला नको होता. बादली ओतून टाकली आणि फरशी कोरडी केली.

१६ सप्टेंबर, सोमवार
अंतिम लेआउट ठरला. थोडं मी मागे आलो, बाकीचं त्यांनी ठरवलं. केबिन पुढे, म्हणजे लाट आधी केबिनवर फुटते आणि मागे काम करणाऱ्याला आडोसा मिळतो. केबिनला मागच्या बाजूने मोठी खिडकी, म्हणजे बोट चालवणाऱ्याला मागचं माणूस सतत दिसतं. ही खिडकी मला फार आवडली. आणखी चार सुचवल्या. मिस्त्री होईल की म्हणाला.

कठडा मांडीच्या वर, कमरेच्या जरा खाली. मी गळ्यापासून सुरुवात केली होती, ते गुडघ्यावर होते, शेवटी असं ठरलं. लाल बटणं दोन. त्यातलं एक पायाने दाबता येईल असं, कारण हात अडकला तर हाताने बटण कसं दाबणार. हे मला सुचलं. मेहुण्याने आपल्या अर्ध्या बोटाकडे बघितलं आणि म्हणाला, हे आधी कुणाला कसं सुचलं नाही.

मासे निवडायच्या टेबलाची उंचीही माझीच राहिली. धाकटीचं कोपर जमिनीपासून किती उंचीवर येतं ते मला तोंडपाठ आहे, घरचा ओटा मीच तिला धरून केला होता. त्या मापाने टेबल केलं की पाठ वाकत नाही. खडूच्या डेकवर खोकं ठेवून तिने करून पाहिलं आणि बरं वाटतं म्हणाली. आज जेवण गेलं.

त्याच आनंदात मेहुण्याने एक बातमी दिली. त्यांच्यात ज्याने डेक मांडला त्याने ट्रायलला बोटीवर यायचं असतं. पुढच्या बुधवारी ट्रायल. मी म्हटलं, अर्थातच. म्हणताना आवाज चिरकला. खडूच असणार.

२१ सप्टेंबर, शनिवार
बोट पाण्यात उतरवली आहे. धक्क्याला बांधून ठेवली आहे. डेकवर विंच, टेबल, खणाचं झाकण, सगळं जागच्या जागी. केबिनच्या मागच्या भिंतीला टेकून एक खुर्ची बसवून घेतली, हत्त्याची, गाडीतल्यासारखे पट्टे असलेली. दमलं तर धाकटीने बसावं म्हणून. ट्रायलपुरता मी बसेन.

खुर्चीचे बोल्ट तपासायला मी बोटीत उतरलो. होय, उतरलो. मेहुण्याने एका हाताला धरलं, मिस्त्रीने दुसऱ्या, आणि फट ओलांडताना मी मोठ्याने बोल्टविषयी बोलत होतो.

आणि तिथे मला ते दिसलं. बोटीला भोकं आहेत. कठड्याच्या बुडाशी, डेकला अगदी लागून, दोन्ही बाजूंना तीन तीन. हातभर लांब. वाकून बघितलं तर आरपार समुद्र दिसतो. गळ्यापासून मांडीपर्यंत कठड्याच्या उंचीवर इतके दिवस घासाघीस केली आणि खाली सताड उघडं. पाणी सरळ आत येणार.

मिस्त्रीला विचारणार होतो. पण खिडकीवरून हसले, सोफ्यावरून हसले, डब्यावरून तर बायको अजून हसते. चूक मिस्त्रीची, आणि विचारलं की हसं माझं होणार. शहाण्या माणसाने बोभाटा न करता काम उरकावं.

२२ सप्टेंबर, रविवार
दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा काम उरकलं. बोटीत एकटा उतरलो, चार पायांवर, पण उतरलो. पोरीसाठी माणूस काय करत नाही.

सहाही भोकं वॉटरप्रूफ प्लायने बुजवली. कडेने सिंकला लावतो ते सिलिकॉन भरलं, दाबून, दोन हात. वरून बोटीचाच निळा रंग. रंगवल्यावर भोक होतं कुठे ते मलाही शोधावं लागलं. या कामाची मी गिऱ्हाइकाला दहा वर्षांची गॅरंटी देतो.

संध्याकाळी दोरांची वेटोळी आणि क्रेट येऊन कडेला पडले, त्यामुळे काम झाकलं गेलं. कौतुक झालं नाही. मी कौतुकासाठी करत नाही. घरी येऊन जरा डुलकी लागली, पण फार नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार
उद्या ट्रायल. सकाळपासून गुडघा दुखतोय. दुपारनंतर दाढही. शिवाय दुकानात उद्या एक मोठं गिऱ्हाईक येण्याची शक्यता आहे. तसं कळवलेलं नाही कुणी, पण अशी माणसं न कळवताच येतात. हे सगळं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, नका जाऊ, कुणी काही म्हणणार नाही. मग धाकटी म्हणाली, बाबा आले नाहीत तरी चालेल मामाला.

मी जाणार आहे. भीतीचा प्रश्नच नाही. भोकं बुजलेली आहेत.

२५ सप्टेंबर, बुधवार
ट्रायल यशस्वी. मध्यंतरी डेकवरच्या पाण्याच्या निचऱ्याबाबत एक किरकोळ अडचण आली, ती मी प्रसंगावधान राखून स्वतः दूर केली. सर्वजण सुखरूप.

तपशील केवळ नोंद म्हणून.

बोटीवर चौघे होतो. मेहुणा सुकाणूवर, धाकटी आणि मिस्त्री डेकवर, मी खुर्चीत. लाइफ जॅकेट सगळ्यांना एक, मला दोन. धक्क्याच्या भिंतीआड पाणी गुळगुळीत होतं, तिथे मी धाकटीला टेबलाविषयी चार गोष्टी सांगितल्या. भिंत संपली आणि बोटीखालून कुणीतरी जमीन काढून घेतली. त्यानंतर मी काही सांगितलं नाही.

मेहुण्याने मुद्दामच बोट लाटेला आडवी घातली, कशी सावरते ते बघायला. पहिली लाट कठड्यावरून आत आली. फार नव्हती. घोट्याएवढं पाणी डेकभर पसरलं. मेहुण्याने मागच्या खिडकीतून पाहिलं, मिस्त्रीने पाहिलं, धाकटीनेही पाहिलं. सगळे कशाची तरी वाट बघत असल्यासारखे त्या पाण्याकडे बघत होते. पाणी तिथेच राहिलं. दुसरी लाट आली. आता नडगीएवढं. ते सगळं पाणी एका बाजूला धावलं, त्याच्यामागे क्रेट धावले, आणि बोट त्या बाजूला कलली ती परत यायला वेळ लावू लागली.

मिस्त्री ओरडला, पाणी जात का नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भोकं पाणी आत येण्यासाठी नव्हती. बाहेर जाण्यासाठी होती.

माझी बोबडी वळली. हे मी नुसतं म्हण म्हणून लिहीत नाही, जीभ खरोखर हलेना. समोर माझी पोर गुडघाभर पाण्यात टेबलाला धरून उभी, आणि ते पाणी मी तिच्यासाठी अडवून ठेवलेलं. तिसरी लाट दिसत होती. शेवटी तोंडातून निघालं, "भोकं मी बुजवली."

धाकटी खाली बसली आणि लोखंडी पहारेने एका फळीवर मारू लागली. फळी हलेना. दोन हात सिलिकॉन, दाबून. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, देवा, मी काम जरा कच्चं करायला हवं होतं. मी उठायला गेलो तर पट्टा सुटेना. तिने वळून पट्टा सोडला आणि पुन्हा फळीवर मारायला लागली. मी गुडघ्यांवर, पाण्यातून, तिच्यापाशी गेलो. सिलिकॉन मारून निघत नाही, ते कोपऱ्यातून उचकटावं लागतं. कोपरा कुठला तो मला माहीत होता. घराच्या किल्लीने फाडत गेलो. नखं गेली. पाणी तोंडात जात होतं. एक फळी सुटली आणि पाणी इतक्या जोरात बाहेर गेलं की माझी टोपी त्याबरोबर गेली. मग दुसरी, मग तिसरी. बोट सरळ झाली.

परत येताना मी खुर्चीत बसलो नाही. डेकवरच, केबिनला टेकून बसलो, धाकटीच्या गमबुटाचा पट्टा धरून. तिने पाय हलवला नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार
बायको बोलत नाही. तिला सगळं कळलंय. ताट वाढते, पाणी ठेवते, बोलत नाही. रागावली तर बरं होईल.

बोटांना पट्ट्या. दुकान बंद ठेवलं. डोळे मिटले की पाणी दिसतं, त्यात ती उभी. मी मेहुण्याला फोन करून म्हणणार होतो की पोरीला नको नेऊ. फोन हातात घेतला आणि लक्षात आलं की काल तिला बुडवत होता तो समुद्र नव्हता.

२८ सप्टेंबर, शनिवार
मेहुणा घरी आला. मला वाटलं शिव्या देईल. तयारी करून बसलो होतो. त्याने चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला. खुर्ची काढली म्हणाला, सहाही भोकं मोकळी केली. टेबल ठेवलंय. पायाचं बटणही ठेवलंय. मग उठताना म्हणाला, "दाजी, भीती मलाही वाटते. पण आता डेकवर काही लावू नका."

मी म्हटलं, भीतीचा प्रश्न नव्हता, गैरसमज झाला होता. तो हो म्हणाला.

दाराशी गेल्यावर बायको त्याला म्हणाली, उपाय नको पण उपद्व्याप आवर, अशी गत झाली होती. तीन दिवसांत ती पहिल्यांदाच माझ्याविषयी बोलली. हळूहळू सगळं ठीक होईल.

२९ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळ
उद्या बोटीची पहिली खरी फेरी. पहाटे निघायचं, दिवस मावळायच्या आत परत. धाकटीने संध्याकाळपासून पिशवी तीनदा भरली आणि तीनदा रिकामी केली. बेफिकीर आहे पोर. तिला कशाचं काही वाटत नाही. माझ्यावर गेलेली नाही एवढं नक्की.

निर्णय घेतला. मी जाणार तिच्याबरोबर. डेकवर काही लावणार नाही, कशाला हात लावणार नाही, एका बाजूला बसून राहीन. कुणाला सांगितलेलं नाही. पहाटे तिच्याआधी उठायचं, बूट घालून दारात उभं राहायचं. ती बघेल. बोलायची गरज पडणार नाही. बुधवारचं सगळं त्यात फिटेल.

पूर्वतयारी पक्की. केमिस्टकडून बोट लागू नये म्हणून गोळ्या आणल्या. निघायच्या आधी एक घ्या म्हणाला. एकीने माझं काय होणार. दोन घेतल्या, आणि आत्ताच घेतल्या, म्हणजे रात्रभर अंगात नीट मुरतील. केमिस्ट आणखी काहीतरी सांगत होता, पण मागे रांग होती. गजर लावलाय. बूट पलंगाखाली.

आणि नवल म्हणजे भीती अजिबात नाही. कित्येक दिवसांनी अंग कसं सैल पडलंय. डोळे जड, मन निवांत. लोक धैर्य म्हणतात ते हेच असावं. उद्या पहाटे मी आणि धाक

३० सप्टेंबर, सोमवार
जाग आली तेव्हा ऊन उशीवर आलं होतं. गजर वाजून वाजून थकला असणार. तोंडाला कोरड, डोकं दगड. बूट पलंगाखाली जसेच्या तसे. बाहेर आलो तर बायको एकटीच ओट्यापाशी उभी. बोट कधीच गेली होती.

मी म्हटलं मला उठवायचं नाही का. ती म्हणाली, बसा. मग तिने सांगितलं.

पहाटे धाकटी गमबूट घालायला जमिनीवर बसली ती उठेचना. हात इतके कापत होते की बूट पायात जाईना. मग मोरीत जाऊन ओकली. आईला म्हणाली, मला नाही जमणार, मला त्या बुधवारचं पाणी दिसतं सारखं. बायकोने पाठ चोळली. नको जाऊ, मामा समजून घेईल, असं म्हणून झालं. यांना उठवू का, असं विचारून झालं. ती नको म्हणाली. पण मग उठली आणि माझ्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. मी घोरत होतो. बायको म्हणते, असं घोरणं तिने लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. धाकटी बराच वेळ ते ऐकत उभी होती.

मग आईला म्हणाली, "बाबा झोपलेत. म्हणजे आज काही होणार नाही."

आणि बूट घालून गेली.

बायकोने बुधवारनंतर पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, बरं केलंत, निवांत झोपलात ते. चहा टाकते.

धाकटीला भीती वाटत होती. इतके दिवस मला वाटलं, या घरात भीती माझ्या एकट्याच्या वाट्याला आली आहे. या एका विषयात मी तिला काहीतरी सांगू शकलो असतो. आणि त्या वेळी मी पलीकडच्या खोलीत दोन गोळ्या घेऊन पडलो होतो.

खिडकीतून समुद्राचा एक तुकडा दिसतो, त्यावर काही नाही. मी घाबरलो आहे. फार घाबरलो आहे. ती तिथे माझ्या झोपेच्या भरवशावर उभी आहे.

गोळ्यांचं उरलेलं पाकीट कचऱ्याच्या डब्यात तळाशी घातलं. बायकोला सांगितलं नाही. दिवस मावळायच्या आधी धक्क्यावर जायचं. ती बोटीतून उतरली की जवळ जायचं नाही, घाई करायची नाही, आणि तिने विचारलं तर म्हणायचं, मस्त झोप लागली होती.